एकट्या एक्सची गोष्ट

नर माशीच्या पेशीत एक्स गुणसूत्र एकच असते, मादीच्या पेशीत दोन. ऐकायला ही बाब किरकोळ वाटते. पण त्या एका गुणसूत्रावर दोन हजारांहून अधिक जनुके असतात. डोळ्यांचा रंग, पंखांची ठेवण, मज्जातंतूंचे काम, पचन, वाढ अशा असंख्य गोष्टी त्यांच्यावर अवलंबून असतात. मादीकडे या जनुकांच्या दोन प्रती आणि नराकडे एकच, तर नराचे भागते कसे? तो दुबळा का होत नाही? आणि मुख्य म्हणजे तो बाप कसा होतो?

या प्रश्नाचा इतिहास न्यूयॉर्कमध्ये सुरू होतो, कोलकात्यात त्याला निर्णायक वळण मिळते, मुंबईच्या कुलाब्यात त्याची एक फांदी वाढते, आणि गोंदिया जिल्ह्याचे वर्षभराचे जगणे ज्या धानाच्या बांध्यांवर ठरते, तिथपर्यंत तो येऊन पोचतो. कोणाच्याही उपयोगाची न वाटणारी एक माशी माणसांनी चिकाटीने वाचत नेली आणि त्यातून हाती आलेले ज्ञान आपल्या शेतापर्यंत आले, अशी ही हकिकत आहे.

इथे एक खुलासा हवा. आंब्यात, कारल्यात, दोडक्यात अंडी घालणारी फळमाशी शेतकऱ्यांच्या ओळखीची आहे. या लेखातली माशी ती नव्हे. पिकून काळ्या पडलेल्या केळ्याभोवती घोंगावणारी, अडीच-तीन मिलिमीटर लांबीची, लाल डोळ्यांची ती ड्रोसोफिला. अंड्यापासून माशी व्हायला तिला दहा-बारा दिवस पुरतात. एका बाटलीत शेकडो माश्या वाढतात. आनुवंशिकतेचा अभ्यास करायला याहून सोयीचा जीव मिळणे अवघड.

पांढऱ्या डोळ्यांचा नर

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात थॉमस हंट मॉर्गन कोलंबिया विद्यापीठातल्या एका छोट्या खोलीत दुधाच्या बाटल्यांमध्ये केळी घालून माश्या पाळत होते. १९१० साली त्यांना लाल डोळ्यांच्या हजारो माश्यांमध्ये पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. त्याचा लाल डोळ्यांच्या माद्यांशी संकर केला, तेव्हा पुढची पिढी लाल डोळ्यांची निघाली. त्यापुढच्या पिढीत पांढरे डोळे परत आले, पण फक्त नरांमध्ये.

मॉर्गन यांनी त्याचा अर्थ लावला. डोळ्यांच्या रंगाचे हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मादीच्या एका एक्सवर बिघडलेले जनुक असले तरी दुसऱ्या एक्सवरचे चांगले जनुक त्याला झाकून टाकते. नराकडे दुसरा एक्स नाही, त्यामुळे त्याच्या एकट्या एक्सवर जे असेल ते उघड होते. हा नियम वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे धानाच्या बांधीत तो पुन्हा भेटणार आहे.

मॉर्गन यांचे विद्यार्थी त्यांच्याहून कमी नव्हते. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९१३ मध्ये एक्सवरच्या जनुकांचा क्रम लावून जगातला पहिला जनुकीय नकाशा तयार केला. कॅल्व्हिन ब्रिजेस यांना काही विलक्षण नर सापडले. त्यांच्याकडे एक एक्स होता, पण नराचे वाय गुणसूत्र नव्हते. दिसायला ते नर होते, वागायलाही नर होते, मात्र एकालाही संतती झाली नाही. माशीत नर होणे आणि बाप होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे १९१६ मध्येच कळून चुकले.

हर्मन मुलर यांनी १९३२ मध्ये सुरुवातीचा प्रश्न नेमका मांडला. डोळ्यांचा रंग थोडा फिका करणारी एक्सवरची काही जनुके त्यांनी तपासली. एक प्रत असलेला नर आणि दोन प्रती असलेली मादी यांच्या डोळ्यांचा रंग जवळपास सारखाच निघाला. म्हणजे कुठेतरी हिशेब जुळवला जात होता. नराची तूट भरून निघते की मादीचा जादा भाग दाबला जातो, हे मात्र रंग पाहून सांगता येत नव्हते.

कोलकात्याने दिलेले उत्तर

ते सांगायला गुणसूत्राच्या आत पाहावे लागणार होते. माशीच्या अळीने ती सोय करून दिली. अळीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रे पुन्हा पुन्हा दुप्पट होतात, पण सुटी होत नाहीत. हजारएक धागे एकमेकांना चिकटून जाड, पट्टेदार गुणसूत्र तयार होते. साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही त्यावरचे पट्टे मोजता येतात. १९३३ नंतर जगभर हे तंत्र पसरले.

कोलकाता विद्यापीठाचे ए. एस. मुखर्जी जर्मनीतल्या ट्यूबिंगेनला वोल्फगांग बेअरमान यांच्याकडे काम करत होते. या दोघांनी लाळग्रंथींना किरणोत्सारी घटक घातलेले द्रव्य दिले. ज्या जनुकांवर आरएनए तयार होत होता, तिथे ते द्रव्य जाऊन बसले आणि छायाचित्रणाच्या थरावर काळे ठिपके उमटले. ते ठिपके मोजले तर नराच्या एकट्या एक्सवर जेवढे, साधारण तेवढेच मादीच्या दोन्ही एक्सवर मिळून. १९६५ मध्ये हे निष्कर्ष 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उत्तर स्पष्ट होते: नराचा एक्स दुप्पट काम करतो.

मुखर्जी यांनी भारतात येऊन हे काम पुढे चालवले. त्यांचे विद्यार्थी सुभाष लाखोटिया यांनी मुखर्जींबरोबर १९६९ मध्ये दाखवले की नराच्या एक्सचे हे वाढलेले काम प्रत्येक पेशी आपापल्या पातळीवर ठरवते, शेजारच्या पेशीचे लिंग काय आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. नराच्या लाळग्रंथीत तो एकटा एक्स फुगलेला आणि फिका दिसतो, कारण त्याचा धागा सैल पडलेला असतो. लाखोटिया पुढे बनारस हिंदू विद्यापीठात गेले आणि तिथे त्यांनी ड्रोसोफिलाच्या अभ्यासकांच्या पिढ्या घडवल्या.

त्याच दशकाच्या सुरुवातीला, १९६१ मध्ये, इंग्लंडमध्ये मेरी लायन यांनी उंदरांविषयी नेमके उलटे सांगितले होते. सस्तन प्राण्यांच्या मादीत दोनपैकी एक एक्स गप्प केला जातो. म्हणजे माणसाने आणि माशीने एकच हिशेब दोन विरुद्ध वाटांनी जुळवला. या दोन वाटांपैकी माशीची वाट उजेडात आणण्यात कोलकात्याचा वाटा मोठा आहे, आणि आपल्या शाळांच्या पुस्तकांत तो यायला हवा.

प्रथिनांची पात

आता पुढचा प्रश्न: एक्सला दुप्पट कामाला लावतो कोण? उत्तर मिळायला आणखी तीस वर्षे लागली. अमेरिकेत जॉन ल्युकेसी आणि जॉन बेलोट यांच्यासारख्या संशोधकांनी अशी जनुके शोधली, की जी बिघडली तर माद्या सुखरूप राहतात आणि नर तेवढे अळी-कोष अवस्थेत मरतात. हे नरांचे मरण म्हणजेच धागा होता. ज्या जनुकाशिवाय नराचा एक्स दुप्पट काम करत नाही, त्याच्याशिवाय नर जगू शकत नाही.

अशी पाच जनुके आणि त्यांची पाच प्रथिने ओळखली गेली. १९९१ पासून एकेक प्रथिन नराच्या एक्सवर शेकडो जागी बसलेले प्रत्यक्ष दिसू लागले. १९९७ मध्ये त्यांच्या जोडीला दोन आरएनए रेणूही सापडले. ही सगळी मंडळी मिळून एक संकुल बनते. आपल्याकडे धानाची रोवणी चालते, तेव्हा कोणी पऱ्हे उपटतो, कोणी पेंड्या बांधून बांधीत टाकतो, आणि बायांची पात मागे सरकत रोपे लावत जाते. एकटी कोणीही पूर्ण बांधी रोवू शकत नाही आणि पातीतली एक जागा रिकामी राहिली तर ओळ तुटते. प्रथिनांचे संकुल असेच चालते. एक प्रथिन एक्स ओळखते, दुसरे बाकीच्यांना धरून ठेवते, तिसरे आरएनएची घडी उलगडते, आणि मॉफ नावाचे प्रथिन डीएनए ज्या गोलकांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर एक लहान रासायनिक खूण करते. त्या खुणेने गुंडाळी सैल होते आणि जनुक वाचणे सोपे जाते. मुखर्जी आणि लाखोटिया यांना दिसलेला फिका, फुगलेला एक्स म्हणजे या संकुलाच्या कामाची खूण होती.

मादीत हे संकुल का बनत नाही? कारण पाचपैकी एक प्रथिन मादीत तयारच होऊ दिले जात नाही. मादीपणा ठरवणारे दुसरे एक प्रथिन त्याची निर्मिती अडवते. एवढ्या एका अडवणुकीवर दोन्ही लिंगांचा हिशेब जुळतो.

पण इथे एक मोठे आश्चर्य आहे. नराच्या शरीरभर राबणारे हे संकुल त्याच्या वीर्यकोशातल्या शुक्राणू घडवणाऱ्या पेशींमध्ये बसत नाही. जगण्यासाठी लागणारी पात वेगळी आणि बाप होण्यासाठी लागणारी पात वेगळी. ब्रिजेस यांच्या वांझ नरांनी सुचवलेली गोष्ट रेणूंच्या पातळीवरही खरी निघाली.

कुलाब्याच्या बाटल्या

मुंबईत ड्रोसोफिलाचे युग सुरू झाले ते भौतिकशास्त्रज्ञांच्या घरात. होमी भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची कुलाब्याची इमारत १९६२ मध्ये उभी राहिली. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे ओबेद सिद्दिकी तिथे रुजू झाले. ग्लासगोत ग्विडो पॉन्टेकोर्व्हो यांच्याकडे बुरशीच्या आनुवंशिकतेवर त्यांनी पीएच.डी. केली होती आणि अमेरिकेत ॲलन गॅरेन यांच्याबरोबर जीवाणूंवर महत्त्वाचे काम केले होते. अणुशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी त्यांची शिफारस भाभांकडे केली. कण आणि ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत जीवशास्त्राला जागा देण्याचा भाभांचा तो निर्णय फार दूरदृष्टीचा होता.

सिद्दिकी आधी जीवाणूंवर काम करत राहिले. नंतर अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये सेमूर बेन्झर यांच्या सहवासात ते माशीकडे वळले. दोघांनी उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या माश्या निवडल्या. तापमान वाढवले की या माश्या कोसळतात, थंड केले की उठून चालू लागतात. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाने दाखवले की मज्जातंतूंतून संदेश वाहण्याचा आणि तो पुढच्या पेशीला देण्याचा बिघाड जनुकांपर्यंत शोधता येतो. अशा अनेक माश्यांमधला बिघाड एक्स गुणसूत्रावर होता. त्यात नवल नाही. नराकडे एकच एक्स असल्यामुळे बिघडलेले जनुक मुलग्यांत लगेच दिसते, आणि शोधणाऱ्याचे काम सोपे होते. मॉर्गन यांचा पांढरा डोळा आणि कुलाब्याची लुळी माशी एकाच नियमाने सापडल्या.

सत्तरच्या दशकात कुलाब्याला आणखी एक नाव जोडले गेले. व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांचा जन्म १९५३ मध्ये केनियातल्या गोमंतकीय कुटुंबात झाला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये शिकत असताना त्यांनी सिद्दिकींचे काम वाचले, त्यांना पत्र लिहिले आणि थेट मुंबई गाठली. गंध आणि चव न ओळखणाऱ्या माश्या शोधण्याच्या पद्धती त्यांनी घडवल्या. १९७८ मध्ये सिद्दिकींबरोबर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातून वासाच्या आनुवंशिकतेचा अभ्यास पायावर उभा राहिला. त्या काळी भारतात परदेशी रसायन मागवायला महिने लागत. अशा परिस्थितीत हे काम झाले, कारण प्रयोगांची आखणी चोख होती आणि माश्यांना केळी, मका, गूळ असे साधे खाद्य पुरते. रॉड्रिग्ज यांचे २०१० मध्ये निधन झाले. भारतात माशीच्या मेंदूवर आज जे काम चालते त्यातल्या अनेकांचे गुरुकुल त्यांच्यापर्यंत जाते.

नव्वदच्या दशकात सिद्दिकी बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे संस्थापक झाले. के. विजयराघवन, गैती हसन यांच्यासारखे सहकारीही तिकडे गेले. कुलाब्याच्या बाटल्या मात्र रिकाम्या झाल्या नाहीत. तिथे आता माशीच्या बाप होण्याचा अभ्यास सुरू झाला.

बाप होण्यासाठी

ड्रोसोफिलाचा शुक्राणू सुमारे १.८ मिलिमीटर लांब असतो. माशीच्या स्वतःच्या शरीराच्या निम्म्याहून अधिक. एका मूळ पेशीच्या चार विभाजनांतून सोळा पेशी होतात, आणि त्यांच्या अर्धसूत्री विभाजनातून चौसष्ट शुक्राणू. सुरुवातीला ते सगळे एकमेकांना जोडलेले असतात. मग ते लांबतात, सुटे होतात, गुंडाळले जातात आणि बाहेर पडतात. या रांगेत कुठेही अडखळले की नर वांझ.

अडथळ्याची पहिली जागा जनुके चालू होण्याची. शुक्राणूच्या शेवटच्या घडणीला लागणारी बहुतेक जनुके विभाजनाच्या आधीच वाचून ठेवावी लागतात, कारण नंतर गुणसूत्र आवळून बंद होते. ही जनुके शरीरात इतरत्र बंद ठेवण्याचे काम पॉलिकोंब नावाची प्रथिनसंकुले करतात. पॉलिकोंब हे नावही माशीवरूनच आले. नराच्या पुढच्या पायावर केसांचा एक कंगवा असतो. १९४७ मध्ये पामेला लुईस यांनी असे उत्परिवर्तन नोंदवले ज्यात मधल्या आणि मागच्या पायांवरही कंगवे येतात. बंद राहायला हवी ती जनुके उघडी पडली, म्हणून हे घडते. हैदराबादच्या पेशी आणि रेणू जीवविज्ञान केंद्रात राकेश मिश्र यांनी पॉलिकोंब संकुल डीएनएवर नेमके कुठे बसते यावर महत्त्वाचे काम केले. तिथेच काम करून २००६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या आयसर या संशोधन संस्थेत आलेल्या एल. एस. शशिधर यांनी पंखाच्या जागी तोल सांभाळणारा छोटा अवयव कसा घडतो याचा माग अल्ट्राबायथोरॅक्स या जनुकातून काढला. ते जनुकही पॉलिकोंबच्याच देखरेखीखाली असते.

वीर्यकोशात मात्र हे कुलूप उघडावे लागते. स्टॅनफर्डच्या मार्गारेट फुलर यांच्या गटाने वांझ नरांच्या काही जाती अनेक वर्षे जपल्या होत्या. त्यांच्या वीर्यकोशात कच्च्या पेशी खच्चून भरलेल्या, आणि शुक्राणू एकही नाही. २००५ मध्ये या गटाने कारण सांगितले. वीर्यकोशातच बनणारी पाच प्रथिने मिळून एक संकुल होते, ते पॉलिकोंबला त्या जनुकांवरून हटवते आणि जनुके चालू होतात. हे संकुल मोडले की विभाजनच सुरू होत नाही. २००७ मध्ये याच कामातले आणखी एक वीर्यकोशापुरते संकुल सापडले.

दुसरी जागा घडणीची. कुलाब्यात कृशानु राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की शुक्राणूला लांब होण्यासाठी डायनिन आणि डायनॅक्टिन या प्रथिनांचे संकुल लागते. पेशीतल्या रुळांवरून सामान ओढणारे हे संकुल मोडले तर शेपटीचा गाभा तयार होतो, पण पेशी वाढत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी चौसष्ट जोडलेले शुक्राणू सुटे होण्याच्या टप्प्यावर प्रकाश टाकला. त्यात डायनिनच्या एका छोट्या घटकाबरोबर डायनॅमिन नावाच्या प्रथिनाचाही भाग आहे. डायनॅमिन ज्या जनुकातून येते ते शिबिरे. उष्णतेने माशीला लुळे पाडणाऱ्या जनुकांपैकीच हे एक, आणि तेही एक्सवरचे. मेंदूत संदेश पोचवणारे प्रथिन वीर्यकोशात शुक्राणू सुटे करायला मदत करते. २००९ मध्ये त्याच प्रयोगशाळेने आणखी एक गोष्ट सांगितली: पक्व होत असलेल्या शुक्राणूंची डोकी शेजारची एक पेशी आपल्या तंतूंनी घट्ट धरून ठेवते, म्हणजे ते वेळेआधी निसटत नाहीत.

बनारसमधून लाखोटिया यांच्या गटाने २००१ मध्ये याला वेगळी बाजू जोडली. प्रथिन न बनवणारा एक आरएनए वीर्यकोशातल्या आधार देणाऱ्या पेशींमध्ये प्रमाणाबाहेर तयार झाला, तर नर वांझ होतो. म्हणजे कमी जसे घातक, तसे जास्तही. मुलर यांच्या हिशेबाची आठवण करून देणारी ही गोष्ट आहे.

आईकडून आलेले संरक्षण

वांझपणाची एक कथा मात्र मुलींची आहे. १९७७ मध्ये मार्गारेट किडवेल आणि सहकाऱ्यांनी नोंदवले की रानातून नुकत्याच पकडलेल्या नराचा प्रयोगशाळेत दशकानुदशके वाढवलेल्या मादीशी संकर केला तर मुली वांझ निघतात. उलटा संकर केला, म्हणजे आई रानातली आणि बाप प्रयोगशाळेतला, तर मुली सुपीक. जनुके तीच, तरी फळ वेगळे.

कारण निघाले पी नावाचे उड्या मारणारे जनुक. ते विसाव्या शतकात दुसऱ्या जातीच्या माशीकडून रानातल्या ड्रोसोफिलात शिरले होते आणि जगभर पसरले होते. प्रयोगशाळेतल्या जुन्या माश्या त्याआधीच बाटलीत गेल्यामुळे त्यातून सुटल्या. हे जनुक अंडाशयात उड्या मारून गुणसूत्रे तोडते. रानातल्या आईकडे मात्र त्याला आवरणारे काहीतरी होते, आणि ते ती अंड्यातून मुलींना देत होती. ते काहीतरी काय, हे २००८ मध्ये कळले: पिवी कुळातल्या प्रथिनांना जोडलेले अगदी छोटे आरएनए. हे संकुल उड्या मारणारे जनुक ओळखते आणि त्याचा आवाज बंद करते. पिवी प्रथिन नसले तर माशीच्या अंडाशयातल्या मूळ पेशीच टिकत नाहीत, हे १९९७ पासून माहीत होते. संरक्षण आणि सुपीकता एकाच प्रथिनाशी बांधलेली निघाली.

धानाच्या बांधीत

आता पूर्व विदर्भाकडे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधीचा इतिहास दोघांचा एकच आहे, आणि धानही एकच. वैनगंगेचे खोरे, मामा (माजी मालगुजारी) तलावांचे पाणी, आषाढ-श्रावणातली रोवणी. या धानाची जुनी वैरीण म्हणजे गादमाशी. डासाएवढी, तांबूस, दोन पंखांची. ड्रोसोफिलाप्रमाणे तीही द्विपंखी कुळातली. पावसाळी ढगाळ हवा आणि लांबलेली रोवणी तिला मानवते. मादी पानांवर अंडी घालते, अळी दवाच्या ओलीवरून पानाच्या खोळीत उतरते आणि वाढीच्या कोंबापाशी जाऊन बसते. तिच्या लाळेमुळे कोंबाचा कांद्याच्या पातीसारखा पोकळ, चंदेरी पोंगा होतो. त्या फुटव्याला लोंबी येत नाही. फवारणीचे औषध आत बसलेल्या अळीपर्यंत सहज पोचत नाही, म्हणून खरा उपाय म्हणजे मुळातच अळीला दाद न देणारा वाण.

साठच्या दशकात तैचुंग नेटिव्ह-१ आणि आयआर-८ हे बुटके, भरघोस वाण आले, पण गादमाशीपुढे ते टिकेनात. १९६५ मध्ये हैदराबादेत सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्पाने प्रतिकारक वाण शोधणे हाती घेतले. वारंगळच्या संशोधकांनी ईश्वरकोरा या देशी धानातून प्रतिकार घेतला. आयआर-८ आणि थायलंडच्या सियाम-२९ यांच्या संकरातून फाल्गुणा हा वाण तयार झाला, तो १९७७ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत आला. त्यातल्या प्रतिकारक जनुकाला जीएम-२ नाव मिळाले. काही वर्षे फाल्गुणाने धान वाचवले.

ऐंशीच्या दशकात उत्तर आंध्रच्या किनारपट्टीत फाल्गुणावरही पोंगे दिसू लागले. भंडाऱ्याच्या भागातली गादमाशीही त्याच जातीची निघाली. संशोधकांनी तिला चौथा जैवप्रकार म्हटले. वाण तोच होता, माशी बदलली होती. पण कशी?

हैदराबादच्या भात संशोधन संचालनालयातील जे. एस. बेंतूर, आय. सी. पासलू आणि एम. बी. कलोडे यांनी दोन्ही प्रकारच्या गादमाश्यांचे संकर केले. १९९२ मध्ये त्यांनी सांगितले की फाल्गुणावर जगण्याची ताकद एकाच जनुकाच्या बदलातून येते, तो बदल अप्रभावी आहे आणि तो एक्स गुणसूत्रावर आहे. मॉर्गन यांचा पांढरा डोळा जिथे, तिथेच गादमाशीचा हा बदल. मादी अळीकडे एक बदललेला आणि एक जुना एक्स असेल तर ती फाल्गुणाच्या कोंबात मरते. नर अळीकडे एकटाच एक्स, तो बदललेला असला की ती अळी जगते, माशी होते आणि तो एक्स आपल्या सगळ्या मुलींना देते. म्हणून हा बदल अगदी विरळ असतानाही नरांच्या रूपाने निवडीला लगेच सापडतो. एकाच प्रतिकारक जनुकावर विसंबलेला वाण मोठ्या क्षेत्रावर लावला तर माशी त्याला का मागे टाकते, याचे हे जनुकापर्यंत जाणारे उत्तर आहे.

त्यातूनच पुढचा मार्ग निघाला. १९९४ मध्ये दिल्ली आणि हैदराबादच्या संशोधकांनी जीएम-२ हे जनुक डीएनएच्या खुणांवरून ओळखण्याची पद्धत दिली. आता धानाची निदान अकरा प्रतिकारक जनुके ओळखली गेली आहेत, आणि खुणांच्या मदतीने दोन-दोन जनुके एका वाणात आणता येतात. माशीच्या एका एक्सवरच्या एका बदलाने दोन्ही अडथळे ओलांडणे फार अवघड.

गादमाशीच्या कुळात शिकण्यासारखे अजून खूप आहे. तिच्या नात्यातल्या, गव्हावरच्या हेसियन माशीत मादी आपली सगळी पिल्ले बहुधा एकाच लिंगाची देते, कारण कोणत्या अंड्यातून बापाचे एक्स काढून टाकायचे हे आईच्या जनुकांवरून ठरते. तिच्या बीजपेशींमध्ये काही जादा गुणसूत्रे असतात. शरीराच्या इतर पेशी ती टाकून देतात. प्रयोगात बीजपेशींनाही ती टाकायला लावली तेव्हा माश्या वांझ झाल्या. हे टाकणे आणि राखणे कोणती प्रथिनसंकुले ठरवतात, हा प्रश्न ड्रोसोफिलाने शिकवलेल्या भाषेतच विचारता येतो.

आणि तो विचारायला पूर्व विदर्भाहून योग्य जागा कोणती? गादमाशी इथली आहे, धान इथले आहे, साकोलीपासून सिंदेवाहीपर्यंत कृषी संशोधन केंद्रांची परंपरा आहे. अर्जुनी-मोरगाव, आमगाव, सालेकशाच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आहेत. ड्रोसोफिला वाढवायला बाटली, कापसाचा बोळा आणि पिकलेले केळे पुरते. एक साधा सूक्ष्मदर्शक असला तर अळीच्या लाळग्रंथीतला पट्टेदार एक्स स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो. कोलकात्यातला अभ्यास अशाच साध्या साधनांवर उभा राहिला होता. आपल्या मुलांनी आधी ही माशी वाचायला शिकावे, मग आपल्या बांधीतली. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत सापडलेल्या नियमाची वाट पाहण्यापेक्षा पुढचा नियम इथून निघावा, आणि तो निघण्यासारखा आहे.